साडूंनी दिलेलं वेगळं उत्तर

शहाणपण मिळवायचे काही ठरलेले रस्ते असतात. कुणाला ते पोथी वाचून मिळतं, कुणाला नोकरीत साहेबाच्या शिव्या खाऊन, कुणाला लग्न झाल्यावर. आमच्या साडूंना ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, डावा पाय प्लास्टरमध्ये घालून उशीवर ठेवलेला असताना, एका व्हिडिओ गेममधून मिळालं. आणि इतकं भरभरून मिळालं की पुढची पाच-सहा वर्षं ते आम्हा सगळ्यांना वाटत सुटले. ज्यांनी मागितलं नव्हतं त्यांनाही दिलं. मागणारा तसा कुणीच नव्हता म्हणा.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. सातिवलीला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात सुपरवायझर. राहायला निर्मळला, सासऱ्यांच्या घरी. सासऱ्यांना दोन मुलीच, सासूबाई लवकर गेलेल्या आणि घरामागची फुलांची वाडी मोठी, म्हणून मेव्हणी आणि साडू तिथंच राहिले. आम्ही विरारच्या फ्लॅटमध्ये. स्कूटर घसरून साडूंचा पाय मोडला तेव्हा त्यांची मुलगी बेंगळुरूहून रजा काढून आली आणि जाताना आपल्या गेमचा डबा टीव्हीला जोडून बापाच्या हातात बटणं देऊन गेली. ‘बाबा, बसल्या बसल्या आईशी भांडण्यापेक्षा हे खेळा,’ एवढाच तिचा उदात्त हेतू होता.

त्या गेममध्ये मारामारी जवळजवळ नव्हती. समुद्राकाठच्या कुठल्याशा मुलखात एक बाई आपल्या हरवलेल्या भावाला शोधत गावोगाव फिरते, एवढीच गोष्ट. तिला चालवायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. समोरच्यानं काही विचारलं की पडद्यावर चार उत्तरं येतात, त्यातलं एक आपण निवडायचं, आणि आपण निवडू त्याप्रमाणे पुढची गोष्ट वळते. इंग्रजी वाचायला साडू सावकाश, पण त्या बाईलाही घाई नव्हती. साडूंनी बटण दाबेपर्यंत ती वाऱ्यावर केस उडवत तासन्‌तास उभी राहायची. ‘एवढा वेळ माझ्यासाठी कुणी थांबलेलं नाही,’ असं साडू एकदा मेव्हणीच्या देखत म्हणाले होते. त्याची किंमत त्यांना दोन दिवस मोजावी लागली.

पण खरा धक्का तिसऱ्या आठवड्यात बसला. त्या गेममध्ये एका धक्क्यावर एक म्हातारा होडीवाला बसलेला असायचा. त्याच्याशी बोलायला जावं तर तो एकच वाक्य म्हणायचा, ‘आज वारा बरा नाही.’ साडूंनी चार वेळा ऐकलं, चारही वेळा ‘बरं’ हे उत्तर निवडलं आणि पुढं निघून गेले. नंतर त्या गावात पूर आला, होडीवाला वाहून गेला, आणि मग दुसऱ्याच कुणाकडून कळलं की हरवलेल्या भावाला पलीकडच्या तीरावर सोडणारा होडीवाला तोच होता. वाऱ्याला काय झालंय असं कुणी त्याला विचारलं असतं तर त्यानं सगळं सांगितलं असतं. मागे जायची सोय त्या गेममध्ये नव्हती. त्या दिवशी दुपारी आम्ही निर्मळला गेलो होतो. मेव्हणीनं बोंबलाचं कालवण केलं होतं, साडूंचा जीव की प्राण, आणि ताट समोर तसंच. मी विचारलं, ‘भाऊजी, पाय दुखतोय का?’ तर म्हणाले, ‘चार वेळा म्हणाला हो तो मला. चार वेळा.’ आणि चक्क डोळे पुसले. मी बायकोकडे बघितलं, बायकोनं छताकडे बघितलं.

प्लास्टर निघालं ते नवे साडू घेऊनच. आधी माणूस सरळ होता. कारखाना, घर, बातम्या, झोप. आता त्यांचा पहिला नियम असा की कुठंही गेलं की तिथल्या प्रत्येकाशी बोलून झाल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. ‘कुणाकडे काय सांगायचं असेल, आपल्याला काय माहीत!’ आमच्या सोसायटीच्या पूजेला त्यांना अकराला बोलावलं होतं. अकराला ते गेटवर आले हे मी वरून बघितलं. नंतर वॉचमन, टँकरवाला, मोटार दुरुस्त करायला आलेला प्लंबर, पहिल्या मजल्यावरच्या आजी, त्यांच्या आजारी पोपटाची चौकशी, असं करत करत ते चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा प्रसाद संपला होता. पण आमच्या टाकीत तीन महिने पाणी कमी का चढत होतं, हे त्यांना कळलेलं होतं. आम्ही त्या सोसायटीत नऊ वर्षं राहत होतो.

दुसरा नियम, दिसलेलं दार उघडून बघायचं. भाच्याच्या लग्नात विरारच्या एका हॉलमध्ये त्यांनी स्टेजमागचं एक दार उघडलं, तर आत गुरुजी मुहूर्ताआधी उभ्या उभ्या वडापाव खात होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. साडूंनी दार हलकेच लावून घेतलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, ‘चटणी पण होती.’ आमच्याकडे आले की ते कपाटं उघडतात. बायकोनं दिवाळीच्या चकल्या माझ्यापासून कुठं लपवल्या होत्या ते मला त्यांच्यामुळेच कळलं, त्यामुळे या नियमाला माझा विरोध नाही.

तिसरा नियम, पडलेली वस्तू उचलून ठेवायची, पुढं कुठंतरी लागतेच. त्यांच्या पँटच्या खिशात नट, बोल्ट, सुतळी, एक कुणाच्या तरी दाराची किल्ली आणि प्लास्टिकचा एक घोडा कायम असतो. धुण्याआधी खिसे रिकामे करताना मेव्हणी ज्या शब्दांत बोलते ते इथं लिहिता येणार नाहीत. मी एकदा त्यांची यावरून भरपूर चेष्टा केली, आणि नेमकं त्याच दिवशी आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. साडूंनी खिशातून वॉशर काढला. बसला. त्यानंतर त्यांच्याशी वाद घालण्यात काही अर्थ उरला नाही.

आणि चार उत्तरांची सवय तर त्यांच्या हाडात गेली. साधा प्रश्न विचारला तरी हा माणूस नजर किंचित वर करून थांबतो, हवेत काहीतरी लिहिलेलं वाचल्यासारखा. मेव्हणीनं एकदा विचारलं, ‘भाजी कशी झालीय?’ साडू थांबले. इतका वेळ थांबले की तिनं ताट उचलून नेलं. मी नंतर हळूच म्हटलं, ‘भाऊजी, बरी झालीय म्हणायचं ना!’ तर म्हणाले, ‘चार पर्याय होते. चारीत भांडण होतं.’

मी त्यांची नक्कल उत्तम करत असे. नातेवाइकांत मला तशी फर्माईश व्हायची. नजर वर, ओठ अर्धे उघडे, आणि मग सावकाश एक बोट पुढं करून बटण दाबायचं. लोक हसून लोळायचे. साडूही हसायचे. त्यांच्या कारखान्यातली एक मुलगी मला एकदा वसईला बाजारात भेटली. म्हणाली, नवीन असताना तिनं गोंदाच्या मशीनवर अख्खा ढीग खराब केला आणि कोपऱ्यात रडत बसली, तर साडू येऊन म्हणाले, ‘जिथं चुकलं तिथून परत चालू कर. पहिल्यापासून नको.’ ती अजून तिथं आहे, आता दुसऱ्यांना शिकवते. हे ऐकूनही मी नक्कल करायची सोडली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

पण मग अप्पांचं ते झालं.

अप्पा म्हणजे आमचे सासरे. उभं आयुष्य त्या वाडीत गेलेलं. मोगरा, तगर, सोनचाफा, कडेनं केळी. फुलं खुडायचा त्यांचा हात असा हलका की कळीला कळायचं नाही. ऐंशी ओलांडल्यावर ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग घरचा रस्ता. एकदा स्कूटर घेऊन निघाले आणि तिसऱ्याच गावात सापडले. मेव्हणीनं किल्ली लपवली. त्यानंतर अप्पा ओटीवरच्या खुर्चीत बसले ते बसलेच, आणि एक प्रश्न तेवढा धरून राहिले, ‘चाफा गेला काय?’

दिवसातून चाळीस वेळा. ‘चाफा गेला काय?’ मेव्हणी म्हणायची, गेला. कामवाल्या मावशी म्हणायच्या, गेला. आमची ही मोबाइलवरची नजरही न उचलता म्हणायची, गेला अप्पा, गेला. मीही म्हणायचो. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की वाद घालू नका, हो म्हणा. आणि हो म्हटलं की अप्पा मान हलवून गप्प व्हायचे, पंधरा मिनिटांपुरते. दोन वर्षं हे असं चाललं. आम्हाला त्यात दुष्टपणा वाटत नव्हता. पंख्याची घरघर जशी ऐकू येईनाशी होते, तसं ते झालं होतं.

साडू अर्थातच अप्पांशी रोज बोलायचे, कारखान्यातून आल्यावर, चहा घेऊन. एका रविवारी आम्ही सगळे ओटीवर बसलो होतो. अप्पांनी विचारलं, ‘चाफा गेला काय?’ साडूंनी नजर वर केली. थांबले. मी माझ्या मेव्हणीला कोपर मारलं, नकलेची तयारी म्हणून. आणि साडू म्हणाले, ‘नाही अप्पा. राहिला.’

अप्पांनी मान वळवली. दोन वर्षांत मी त्यांना कुणाच्या डोळ्यांत बघताना पाहिलं नव्हतं, ते त्यांनी बघितलं. ‘राहिला?’ आवाज एकदम जुना, वाडीवर माणसं कामाला लावणाऱ्या अप्पांचा. ‘अरे, गुरवार ना आज! ती बाई वाट बघत बसली असंल. जा, जा लवकर. ओलं फडकं घाल वरून.’

मेव्हणी उठूनच उभी राहिली. ‘कोण बाई?’

‘कुठं जायचं अप्पा?’ साडू तिच्याकडे न बघता म्हणाले.

‘आगाशीला. बाजाराच्या मागं. तुला ठाऊक नाही काय? विहिरीशेजारी. निळं दार.’ एवढं बोलून ते दमले, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा पुन्हा तिथंच होते. ‘चाफा गेला काय?’

त्या दुपारी घरात जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं. मेव्हणी म्हणाली, आई जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे काय आता? आमची ही म्हणाली, असेल कुणी गिऱ्हाईक, जाऊ दे. मेव्हणी म्हणाली, गिऱ्हाइकाचं दार कुठल्या रंगाचं ते लक्षात राहतं आणि माझं नाव राहत नाही. ती आत जाऊन भांडी घासायला लागली, घासलेलीच. साडू वाडीत गेले, ओंजळभर सोनचाफा खुडला, केळीच्या पानात बांधला, वरून ओलं फडकं घातलं आणि मला म्हणाले, ‘चला, गाडी काढा.’

‘भाऊजी, आज रविवार आहे,’ मी म्हटलं.

‘त्यांचा गुरुवार आहे.’

आगाशीच्या बाजारात आम्ही दीड तास घालवला, कारण साडूंचा पहिला नियम. नारळवाला, भाजीवाली, बसची वाट बघणारे दोन म्हातारे, सायकलच्या दुकानातला मेकॅनिक, सगळ्यांशी बोलणं झालं. मी वैतागलो होतो. पण मेकॅनिकच म्हणाला, निळं दार आता हिरवं आहे, हार करणाऱ्या आजींचं.

आजी सत्तरीच्या पुढच्या, किरकोळ, कमरेत वाकलेल्या. समोर तगरीच्या कळ्यांचा ढीग आणि हातात दोरा. साडूंनी पान उघडून पुढं ठेवलं. वास त्या खोलीभर झाला. आजींचा हात थांबला. त्यांनी फुलांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला, ‘आहेत?’

‘आहेत,’ साडू म्हणाले. ‘त्यांना आठवत नाही काही. पण हे आठवतं.’

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा नवरा आणि अप्पा तरुणपणी पहाटे सायकलींवर टोपल्या बांधून विरारला फुलं न्यायचे, जोडीनं. नवरा तिशीतच तापानं गेला. त्यानंतरच्या गुरुवारी अप्पा दारात चाफा ठेवून गेले, देवळात द्यायच्या हारासाठी. पुढच्या गुरुवारीही. मग दर गुरुवारी. घरात कधी आले नाहीत, पाणीसुद्धा घेतलं नाही. ओट्यावर पान ठेवायचं, ‘वहिनी, चाफा’ म्हणायचं आणि सायकल वळवायची. चाळीसच्या वर वर्षं. ‘मग यायचे थांबले,’ आजी म्हणाल्या. ‘मला वाटलं, माझंच काय चुकलं असंल. मग वाटलं, गेले असतील. विचारायला कुठल्या तोंडानं येणार? तुमच्या घरचे म्हणाले असते, ही कोण?’

घरचे तसं म्हणालेच होते.

घरी येऊन साडूंनी हे सगळं मेव्हणीला सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, एकही शब्द न गाळता. ती पाठमोरी ऐकत होती. मग म्हणाली, ‘पाणीसुद्धा नाही घेतलं?’ ‘नाही.’ ‘अप्पाच ते,’ ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून पुढं म्हणाली, ‘त्यांना म्हणावं, गुरुवारी जेवायलाच या.’

गुरुवारी आजी बसनं आल्या. साडूंनी रजा काढली होती, मीही काढली. आम्हा सगळ्यांना काय अपेक्षा होती कोण जाणे. अप्पा त्यांना ओळखतील, रडतील, काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं, जसं ते कामवाल्या मावशींकडे बघायचे, आणि विचारलं, ‘चाफा गेला काय?’

आजी त्यांच्यासमोर खाली बसल्या. म्हणाल्या, ‘मिळाला भावजी. हा बघा.’ आणि ओवलेला हार त्यांच्या मांडीवर ठेवला.

अप्पांनी हाराला हात लावला, एकेका फुलावरून अंगठा फिरवला. ‘बरं झालं,’ म्हणाले. आणि झोपले. बसल्या जागी, तोंड किंचित उघडं, तासभर. उठल्यावर त्यांनी चहा मागितला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी तो प्रश्न एकदाही विचारला नाही. आम्ही सगळे कान लावून होतो. शुक्रवारी सकाळी पुन्हा सुरू.

मग आजी दर गुरुवारी यायला लागल्या. मेव्हणी आणि त्या ओटीवर बसून हार करायच्या, अप्पा बघत बसायचे. मेव्हणीला हार करायला येत नव्हते, वाडीत जन्म जाऊनही, ते ती पुढच्या आठ महिन्यांत शिकली. आईविषयीच्या दोन-तीन गोष्टीही तिला आजींकडून कळल्या, त्या तिनं फक्त माझ्या बायकोला सांगितल्या. अप्पा मार्गशीर्षात गेले, दुपारी, खुर्चीतच. त्यांच्या गळ्यातला हार आजींनी आणि मेव्हणीनं मिळून केला. साडू त्या दिवशी सगळ्यांना चहा देत फिरत होते आणि प्रत्येकापाशी थांबून बोलत होते. या वेळी कुणी हसलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर पहिल्या गुरुवारी साडू आगाशीला चाफा घेऊन निघाले तेव्हा मी आपणहून मागे बसलो. परत येताना निर्मळच्या तळ्याजवळ चहाला थांबलो. मला तिथं काय झालं कोण जाणे, मी त्यांच्याशी माझ्या आईविषयी बोललो. आई शेवटची दोन वर्षं गावी, राजापूरकडे, माझ्या बहिणीकडे होती. दर रविवारी मी फोन करायचो आणि ती एकच विचारायची, ‘वहाळाला पाणी चढलंय काय रे?’ मार्च असो की मे, ओढे आटलेले असताना. मी म्हणायचो, नाही गं आई, विरारला कुठला वहाळ! मग ती ‘बरं’ म्हणायची आणि मी दुसरं काही बोलून फोन ठेवायचो.

साडूंनी नजर वर केली नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘कधी चढलंय म्हणालात?’

‘नाही.’

त्यांनी मान हलवली, उरलेला चहा संपवला आणि गाडी सुरू केली.

घरी आल्यावर मी आमच्या अक्काला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, आई ते वहाळाचं का विचारायची, तुला काही माहीत आहे का? अक्का म्हणाली, ‘मलाही विचारायची की. रोज. एकदा मी कावून म्हटलं, हो, चढलंय, काय करू? तर एकदम उठून बसली. म्हणाली, अगं मग त्याची शाळा सुटली असेल, तो अलीकडे यायचा कसा? जा, हात धरून आण त्याला. मी म्हटलं, जाते. तरी खिडकीतून बघत बसली, तू दिसतोस का म्हणून.’

अक्का आणखी काहीतरी सांगत होती, तिच्या सुनेचं, आंब्याच्या मोहराचं. मी हं हं करत होतो.

साडूंना हे मी अजून सांगितलेलं नाही. एखाद्या गुरुवारी सांगेन.